ऑइल बदलले की ड्रेन बोल्ट पुन्हा गळू लागतो : कारण शोधणे, आटे दुरुस्त करणे आणि सुधारित बोल्ट निवडणे

मोटारसायकलचे इंजिन ऑइल बदलून आणावे, चार दिवस बरे जावेत आणि मग पार्किंगच्या फरशीवर पुन्हा रुपयाएवढा काळा डाग दिसू लागावा, ही तक्रार इतकी सर्रास आढळते की अनेक जण ती गाडीच्या वयाचा भाग समजून सोडून देतात. काही जण गॅरेजमध्ये जाऊन ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल काढण्याचा बोल्ट, आणखी आवळून घेतात. गळती थांबते, पण पुढच्या ऑइल बदलीनंतर ती परत येते आणि दर खेपेला बोल्ट आधीपेक्षा जास्त जोराने आवळावा लागतो. शेवटी एकदा बोल्ट आवळताना हाताखालचा पाना एकदम हलका पडतो, बोल्ट जागच्या जागी फिरू लागतो आणि आटे गेल्याचे लक्षात येते. अशा वेळी कोणीतरी लोहचुंबक असलेला किंवा झडप असलेला सुधारित ड्रेन बोल्ट बसवण्याचा सल्ला देते. हा सल्ला चुकीचा नाही. चांगल्या बोल्टमुळे ऑइल बदलणे खरोखरच सोपे होते, हात आणि जमीन कमी माखतात आणि इंजिनाच्या आत काय चालले आहे याचा थोडा अंदाजही मिळतो. मात्र बिघडलेल्या भोकात बसवलेला महागडा बोल्ट पाच-पन्नास रुपयांच्या बोल्टइतकाच गळतो. म्हणून आधी गळतीचे मूळ, मग आट्यांची दुरुस्ती आणि त्यानंतर बोल्टची निवड, हा क्रम सोडू नये असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्वांत परिचित असलेले इंजिन घेऊ. १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १००, १९९४ सालची स्प्लेंडर आणि पुढे त्याच घराण्यात आलेल्या गाड्या यांत ९७.२ घनसेंटीमीटरचे, सिलिंडर जवळजवळ आडवे असलेले इंजिन आहे. गावोगावच्या रस्त्यांवर या गाड्या वर्षानुवर्षे धावतात, त्यांचे ऑइल असंख्य वेळा आणि असंख्य हातांनी बदलले जाते आणि म्हणून ड्रेन बोल्टची दुखणीही त्यांच्यात ठळकपणे दिसतात. या इंजिनाचा ड्रेन बोल्ट चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठवणाऱ्या खालच्या कवचाच्या, तळाशी असतो आणि त्याला १७ नंबरचा पाना लागतो. बोल्टचे माप एम १२ × १.५ आहे, म्हणजे व्यास १२ मिलिमीटर आणि दर फेऱ्याला दीड मिलिमीटर सरकणारे आटे. इतर कंपन्यांच्याही बऱ्याच गाड्यांना हेच माप लागू पडते, परंतु सर्व गाड्यांना नाही. त्यामुळे पुढे दिलेली मापे आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत.

गळती नेमकी कोठून होते?

चेंबरचा तळ हा इंजिनाचा सर्वांत खालचा भाग असल्याने वर कोठेही ऑइल सुटले तरी ते ओघळत ड्रेन बोल्टच्या डोक्यावर येऊन थेंबाने टपकते. थेंब बोल्टवरून पडतो एवढ्यावरून बोल्टला दोषी धरणे, ही या समस्येतील सर्वांत महाग पडणारी घाई आहे, कारण त्यानंतर निर्दोष बोल्ट विनाकारण आवळला जातो आणि आटे खराब होण्याची सुरुवात तेथूनच होते.

खात्री करण्याची पद्धत साधी आहे. इंजिनाचा खालचा भाग आणि डावी बाजू डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने घासून स्वच्छ करावी, कापडाने पुसावी आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावी. त्यानंतर ड्रेन बोल्टच्या भोवती, मॅग्नेट कव्हरच्या (वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटवरील झाकणाच्या) कडेला आणि पुढच्या दातेरी चाकाच्या मागे अंगाला लावायची साधी पावडर हलक्या हाताने भुरभुरावी. गाडी मेन स्टँडवर लावून इंजिन दहा मिनिटे चालवावे, बंद करावे, खाली वर्तमानपत्र पसरावे आणि बॅटरीच्या उजेडात पाहत राहावे. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची वाट करड्या रेषेसारखी उमटते. थेंब कोठे लोंबतो याला महत्त्व न देता ही रेषा सर्वांत वर कोठे सुरू होते ते पाहावे, कारण गळतीचे ठिकाण तेच असते.

असे पाहिले असता बऱ्याचदा रेषा बोल्टच्या वर जाते. पुढच्या दातेरी चाकाच्या शाफ्टचा किंवा गिअर शाफ्टचा ऑइल सील कडक झालेला असतो, किंवा मॅग्नेट कव्हरचे गॅस्केट सुटलेले असते. चेनला लावलेले तेल उडूनही हा भाग माखतो, पण ते चिकट आणि मातीने भरलेले असते, तर इंजिन ऑइल पातळ असते आणि पुसले की लगेच पुन्हा ओलावा देते. या इंजिनांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ड्रेन बोल्टच्या जवळच, तळाच्या डाव्या अंगाला, कॅम चेन टेन्शनरचा (इंजिनातली साखळी ताणून धरणाऱ्या यंत्रणेचा) बंद करणारा बोल्ट असतो आणि त्यालाही स्वतःचा वॉशर असतो. तो वॉशर थकला की गळती हुबेहूब ड्रेन बोल्टच्या गळतीसारखी भासते. शिवाय घाईत ड्रेन बोल्ट समजून हाच बोल्ट उघडला गेला तर आतली स्प्रिंग आणि दांडा खाली येतो, आणि तो योग्य क्रमाने परत न बसवल्यास कॅम चेन आवाज करू लागते. म्हणून पाना लावण्याआधी दोन्ही बोल्ट नजरेने ओळखून घ्यावेत.

ऑइल जास्त भरले असेल किंवा चेंबरमधील वाफ बाहेर सोडणारी ब्रीदर नळी चिखलाने अथवा कुंभारमाशीच्या घरट्याने बुजली असेल, तर आतला दाब वाढतो आणि तो सर्वांत अशक्त जागेतून ऑइल बाहेर ढकलतो. नवा वॉशर घालूनही गळती थांबत नसेल तेव्हा ही नळी काढून फुंकून पाहावी. ऑइलची पातळी मोजताना गाडी मेन स्टँडवर सरळ असावी आणि पट्टी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहावी. पट्टी फिरवून मोजल्यास ती अधिक खोल बुडते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि भरण्याचा अंदाज चुकतो.

वॉशर आणि त्याची बैठक

पावडरीवरील रेषा खरोखरच बोल्टच्या डोक्याखालून सुरू होत असेल, तर पहिला संशय वॉशरवर घ्यावा. ड्रेन बोल्टच्या बाबतीत ऑइल अडवण्याचे काम आटे करत नाहीत. ते काम बोल्टचे डोके आणि चेंबरची सपाट बैठक यांच्यामध्ये दाबला जाणारा मऊ वॉशर करतो. अॅल्युमिनियमचा वॉशर दाबला गेला की बैठकीवरील सूक्ष्म खाचा भरून काढतो. तो एकदा दबला की त्याची ही क्षमता बव्हंशी संपते, म्हणूनच तो दर ऑइल बदलीला नवा घालायचा असतो. तांब्याचा वॉशर दाबाने कडक होतो, पण लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात सोडल्यास पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे तो दोन-तीनदा वापरता येतो. धातूच्या कड्याला आतून रबर चिकटवलेला वॉशरही मिळतो. तो कमी जोरातही उत्तम बसतो, मात्र त्याचे रबर तापमान सहन करणाऱ्या प्रतीचे हवे, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनात घाटाच्या चढावर ऑइल शंभर अंशांच्या वर सहज जाते.

प्रत्यक्षात अनेक गाड्यांत जुना वॉशर चेंबरलाच चिकटून राहिलेला आढळतो. तो काळा पडून बैठकीशी एकजीव दिसतो, नजरेस येत नाही आणि त्याच्यावर नवा वॉशर चढवला जातो. मग दोन वॉशरच्या फटीतून ऑइल झिरपते आणि कितीही आवळले तरी थांबत नाही. बोल्ट काढल्यावर भोकाच्या कडेवरून नख फिरवावे. एखादी पायरी लागली तर ती बैठक नसून वॉशर आहे असे समजावे आणि लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने तो सोडवावा. येथे स्क्रू ड्रायव्हर आणि छिन्नी कटाक्षाने टाळावी, कारण बैठकीवर मध्यापासून बाहेर जाणारा एक ओरखडासुद्धा ऑइलला कायमची वाट करून देतो. असा ओरखडा आधीच पडलेला असेल तर सपाट काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर लावून बैठक हलक्या हाताने घासता येते. ओरखडा खोल असेल तर पुढे सांगितलेला कॉलरचा बुश हाच उपाय उरतो.

बोल्टच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणे किंवा भोवती एम-सील थापणे हे प्रकार आपल्याकडे फार चालतात. टेपने आट्यांची जाडी वाढते, बोल्ट पूर्ण बसला आहे की नाही याचा अंदाज येत नाही आणि टेपचे धागे सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात. स्प्लेंडरच्या घराण्यातील या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. ऑइल गाळण्याचे काम ही जाळी आणि उजव्या कव्हरखालचा फिरता फिल्टर करतात. जाळी अडली तर वरच्या कॅम शाफ्टला ऑइल कमी पडते आणि थेंबभर गळती थांबवण्याच्या नादात इंजिनाचे हेड काढण्याची वेळ येते.

आटे का जातात?

चेंबर अॅल्युमिनियमचे ओतीव असते आणि बोल्ट पोलादाचा असतो. दोघांच्या कठीणपणात मोठा फरक असल्यामुळे अतिरेकी जोर लावला की बोल्टला काही होत नाही, चेंबरचे आटे मात्र उपटले जातात. म्हणूनच या मापाच्या ड्रेन बोल्टला बहुतेक कंपन्या २० ते ३० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पिळाचा जोर, सांगतात. पोलादात पोलाद आवळताना त्याच मापाचा चांगल्या प्रतीचा बोल्ट याच्या दुपटीहून अधिक टॉर्क सहज पेलतो, आणि हाताला सवय त्याच जोराची लागलेली असते. २५ न्यूटन मीटर म्हणजे हातात किती, हे एकदा हिशेबाने पाहिले तर पुढे अंदाज चुकत नाही. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण साडेबारा किलोचा ओढा दिला की तेवढा टॉर्क होतो. आता त्याच पान्याला नळी जोडून लांबी ६० सेंटीमीटर केली आणि हाताचा ओढा तोच ठेवला, तर टॉर्क तिप्पट, म्हणजे ७५ न्यूटन मीटर होतो, आणि जोर लावणाऱ्याला काही वेगळे केल्यासारखेही वाटत नाही. वाऱ्याच्या गनने ड्रेन बोल्ट आवळण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. ती सोडण्यासाठी वापरली तरी चालेल, आवळण्यासाठी कधीही नाही.

आटे जाण्याचे दुसरे कारण चुकीचा बोल्ट. मूळ बोल्ट हरवला किंवा त्याच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले की हार्डवेअरच्या दुकानातून १२ मिलिमीटरचा बोल्ट आणला जातो. दुकानातला सर्वसाधारण १२ मिलिमीटरचा बोल्ट पावणेदोन मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा असतो, तर चेंबरचे आटे दीड मिलिमीटरचे असतात. असा बोल्ट एक-दोन फेरे गुमान आत जातो, मग जड होतो आणि पान्याने ढकलला तर स्वतःचे नवे आटे पाडत अॅल्युमिनियम कापत जातो. नवा बोल्ट विकत घेताना तो जुन्या मूळ बोल्टच्या शेजारी धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे पाहावे. मध्ये फट दिसली नाही तरच तो बोल्ट योग्य. मूळ बोल्ट नसेल तर पट्टी लावून मोजावे : दीड मिलिमीटरच्या आट्यांत दहा आट्यांची लांबी १५ मिलिमीटर भरते.

आटे कितपत शाबूत आहेत हे बोल्ट स्वतःच सांगतो. तो काढून कापडाने पुसावा आणि त्याच्या खाचांत पाहावे. खाचांत चंदेरी भुगा असेल तर झीज सुरू झाली आहे. अॅल्युमिनियमची तार स्प्रिंगसारखी बोल्टभोवती गुंडाळून बाहेर आली असेल तर चेंबरचे आटे बोल्टबरोबर निघाले आहेत आणि आवळण्याचा प्रश्नच संपला. निरोगी भोकात स्वच्छ बोल्ट वॉशर टेकेपर्यंत निव्वळ बोटांनी फिरतो आणि अर्ध्यावर धरून हलवला तर अगदी किंचित हलतो. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके झालेले आहेत, आणि ढिला खडखडत असेल तर झिजलेले आहेत.

दुरुस्ती : मोठा बोल्ट की पोलादी बुश?

आटे थोडेच दुखावलेले असतील, म्हणजे सुरुवातीचे एक-दोनच तिरके झाले असतील, तर एम १२ × १.५ चा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) ग्रीस लावून हाताने हळूहळू फिरवला की ते सरळ होतात. टॅपच्या खाचा ग्रीसने भरून घ्याव्यात, म्हणजे निघालेला भुगा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दर अर्ध्या फेऱ्यानंतर टॅप पाव फेरा मागे घ्यावा.

आटे पूर्ण गेले असतील तर गॅरेजमध्ये साधारणपणे तीन पर्याय पुढे येतात. स्वतः आटे पाडत जाणारा जाड बोल्ट हा पहिला, आणि तो मी कोणालाही सुचवणार नाही. तो दर वेळी काढ-घाल करताना थोडे थोडे अॅल्युमिनियम कापतो, तिरका जाण्याची शक्यता मोठी असते आणि भोकाभोवतीचा उंचवटा चिरला तर चेंबरच बदलावे लागते. दुसरा पर्याय म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या ड्रिलने भोक मोठे करून एम १४ × १.५ चे आटे पाडणे. हे काम नीट झाले तर चालते, पण नवे आटेही अॅल्युमिनियमचेच असतात, भोवतीची भिंत पातळ होते आणि पुन्हा तीच चूक झाली तर त्यापुढे घ्यायला धातू उरत नाही.

तिसरा पर्याय पोलादी आट्यांचा. यात भोक मोठे करून त्यात पोलादी तारेचे हेलिकॉइल किंवा बाहेरून-आतून आटे असलेला भरीव बुश बसवतात आणि आतले माप पुन्हा एम १२ × १.५ हेच राहते. मूळ बोल्ट किंवा कोणताही सुधारित बोल्ट त्यात बसतो आणि यापुढे बोल्टचे आटे पोलादावर घासत असल्याने दर ऑइल बदलीला चेंबर झिजत नाही. ज्या गाडीचे ऑइल दर दोन-तीन हजार किलोमीटरला बदलले जाते आणि जी आणखी दहा वर्षे चालवायची आहे, तिच्यासाठी ही दुरुस्ती मूळ रचनेहूनही टिकाऊ ठरते असे मी निःसंकोच म्हणेन. ड्रेनच्या भोकासाठी हेलिकॉइलपेक्षा कॉलर असलेला भरीव बुश मला अधिक पसंत आहे. हेलिकॉइल बसवल्यावर त्याच्या टोकाची आडवी तार तोडून काढावी लागते आणि ती आत पडली तर शोधत बसावे लागते. बुशची कॉलर मात्र वॉशरसाठी नवी, सपाट आणि कठीण बैठक तयार करते, त्यामुळे ओरखडलेल्या बैठकीचा प्रश्नही त्याच कामात सुटतो.

हे काम लेथवाल्याकडे किंवा ज्याच्याकडे योग्य संच आहे अशाच कारागिराकडे करावे आणि संचासोबत आलेलेच ड्रिल वापरण्याचा आग्रह धरावा. ड्रिल भोकाशी काटकोनात राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ते एका बाजूला झुकले तर बोल्टचे डोके वॉशरवर एकाच कडेने टेकते आणि नवा बुश असूनही गळती चालूच राहते. बाहेरच्या आट्यांना तापमान सहन करणारे थ्रेड लॉकर (आटे पकडून ठेवणारे रसायन) लावून बुश एक रात्र तसाच ठेवावा. काम संपल्यावर भोक उघडे ठेवून वरून पावशेर स्वस्त पण नवे ऑइल ओतावे, म्हणजे आत गेलेले कण धुऊन खाली येतात. डिझेल ओतून धुण्याची पद्धत टाळावी, कारण ते कोपऱ्यांत राहते आणि नव्या ऑइलला पातळ करते.

कोणता बोल्ट घ्यावा?

भोक निरोगी झाले की बोल्टची निवड करता येते. सर्वसाधारण वापरासाठी टोकाला लोहचुंबक असलेला, १७ नंबरच्या षटकोनी डोक्याचा आणि डोक्याला रुंद कॉलर असलेला पोलादी बोल्ट सर्वांत उपयुक्त आहे. केटीएमसारख्या कंपन्या काही गाड्यांना असा चुंबकाचा बोल्ट मुळातूनच देतात. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे एकाच ऑइलात चालतात, त्यामुळे पोलादाचा बारीक चुरा होतच असतो आणि फिल्टरच्या हाती लागण्याआधी त्यातला काही भाग चुंबक धरून ठेवतो. ऑइल बदलताना चुंबकावर करड्या रंगाचा, बोटांत मळल्यावर पेस्टसारखा लागणारा थर दिसणे स्वाभाविक आहे. त्यात बोटाला टोचणारी चकती, दातासारखा तुकडा किंवा सुईसारखी कपची दिसली तर गिअर किंवा बेअरिंगची तपासणी लांबवू नये. मात्र पिस्टनचे अॅल्युमिनियम, बुशचे कांसे आणि क्लच प्लेटचे अस्तर चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे चुंबक स्वच्छ आहे म्हणजे इंजिन निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

चुंबक विकत घेताना तो बोल्टमध्ये कसा धरलेला आहे ते पाहावे. नुसत्या गोंदाने चिकटवलेला चुंबक गरम ऑइलात सुटू शकतो. ज्याच्या भोवती बोल्टची कड आत वळवून त्याला पकडलेले आहे तो विश्वासाचा. चुंबकाची जातही महत्त्वाची आहे. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची शक्ती सुमारे ८० अंश सेल्सियसच्या पुढे घटू लागते आणि इंजिनातले ऑइल त्याहून तापते. उच्च तापमानाच्या प्रतीचा निओडिमियम किंवा सॅमेरियम कोबाल्टचा चुंबक असेल तर तो गुण टिकवतो. पाकिटावर तापमानाचा उल्लेख नसेल तर असा बोल्ट मी घेणार नाही. चुंबकासह बोल्टची लांबी मूळ बोल्टपेक्षा फार वाढत असेल तर आत जाळीला किंवा फिरणाऱ्या भागाला अडकत नाही ना, हे बोल्ट बोटांनी पूर्ण आत घालून तपासावे.

डोक्याच्या आकाराबाबत थोडा विचार करावा. अॅलन कीचे, चपट्या डोक्याचे बोल्ट दगडावर आपटत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. परंतु पावसाळ्यात त्यांच्या खाचेत लाल माती भरून घट्ट बसते आणि ती नीट न कोरता की लावली तर खाच गोल होते. उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेल्या पाणंद रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीसाठी साधे षटकोनी डोके अधिक सोयीचे. डोक्याला आडवे भोक पाडलेला बोल्टही मिळतो. त्यातून स्टेनलेस तार ओवून ती चेंबरच्या एखाद्या स्थिर भागाला अशी पिळून बांधतात की बोल्ट सैल होऊ लागला तर तारेचा ओढा त्याला आवळण्याच्या दिशेने खेचेल. शर्यतीच्या गाड्यांना ही खबरदारी सक्तीची असते. रोजच्या गाडीला तिची गरज फारशी पडत नाही.

झडपेच्या बोल्टचे दोन प्रकार जगभर चालतात. जपानच्या फुमोतो कंपनीची पितळी झडप पाव फेरा फिरवली की उघडते. जर्मनीच्या स्टालबुस कंपनीच्या रचनेत स्प्रिंगने बंद राहणारी झडप बोल्टमध्ये कायम बसवलेली असते आणि नळी जोडलेले तोंड तिच्यावर फिरवले की ती उघडून ऑइल थेट नळीतून डब्यात जाते. ज्या गाड्यांच्या तळाला संरक्षक प्लेट असते, किंवा ज्यांचे ऑइल बोल्ट काढताच सायलेन्सरच्या नळीवर आणि फ्रेमवर सांडते, त्यांच्यासाठी ही सोय मोठीच आहे. चेंबरच्या आट्यांना तर पुन्हा हात लावावाच लागत नाही. परंतु तिच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. झडपेचे छिद्र लहान असल्याने ऑइल सावकाश येते आणि तळाचा जाड गाळ मागे राहू शकतो. झडपेचा आट्यांचा भाग भोकापेक्षा लांब असेल तर तो चेंबरच्या तळाच्या वर डोकावतो आणि तेवढ्या उंचीचे जुने ऑइल आतच उरते. शिवाय पाव फेऱ्याची झडप खाली लोंबते आणि स्प्लेंडरसारख्या गाडीत बोल्ट अगदी तळाला असल्यामुळे उंच गतिरोधक किंवा सुटा दगड तिला लागू शकतो. म्हणून संरक्षक प्लेट नसलेल्या गाडीला मी झडप सुचवत नाही. तेथे चुंबकाचा बोल्ट आणि पोलादी बुश ही जोडी जास्त भरवशाची आहे.

बसवताना

इंजिन कोमट असताना ऑइल काढावे. चटका बसेल इतके तापलेले इंजिन हातालाही वाईट आणि आट्यांनाही. बोल्ट सोडताना बारा कोनी रिंग पान्याऐवजी सहा कोनी गोटी पाना वापरला तर डोक्याचे कोपरे झिजत नाहीत. ऑइल निथळल्यावर बैठक कोरड्या कापडाने पुसावी, नवा वॉशर बोल्टवर चढवावा आणि बोल्ट आधी उलट दिशेने हलकेच फिरवावा. आट्याचे तोंड आट्यावर आले की बारीकसा टक असा स्पर्श बोटांना जाणवतो. तेथून सुलट फिरवत बोटांनीच शेवटपर्यंत न्यावा. पाना फक्त वॉशर टेकल्यानंतर लावावा. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतील आकडा कोरड्या आट्यांवर लावावा, कारण आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलेले असताना तेवढ्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो. रेंच नसेल तर वॉशर टेकल्यापासून आखूड पान्याने साधारण पाव फेरा पुरेसा होतो. अॅल्युमिनियमचा वॉशर दबतानाचा मऊपणा हाताला कळतो आणि तो संपून पाना ताठ लागला की हात थांबवावा.

काढलेले ऑइल जुन्याच डब्यात भरून ज्या गॅरेजमधून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते तेथे द्यावे. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे, आणि विहिरी-ओढ्यांच्या आसपास ते जमिनीत ओतणे म्हणजे स्वतःच्याच पाण्यात कालवणे होय.

नवे ऑइल भरून इंजिन पाच मिनिटे चालवल्यावर बोल्टभोवती पुन्हा पावडर भुरभुरावी आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पाहावे. पावडर कोरडी असेल तर पुढच्या ऑइल बदलीपर्यंत बोल्टला पाना लावू नये, सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी सवयीने तपासून आवळू लागले तरी नको म्हणावे. ओलावा दिसलाच तर आणखी आवळण्याऐवजी ऑइल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे, बोल्ट उघडावा आणि वॉशरवरील दाबाची खूण पाहावी. ती खूण सर्व बाजूंनी सारखी असेल तर नुसता वॉशर बदलावा. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला अस्पष्ट असेल तर बुश किंवा आटे तिरके आहेत, आणि गाडी पुन्हा लेथवाल्याकडेच न्यावी लागेल.